चार जागा, एक प्रभाग: धुळ्याच्या वाढीव हद्दीतील उमेदवारांची स्थानिक प्रश्नांवरील मते

धुळे महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्याआधीच्या आठवड्यात, पांझरा नदीच्या उत्तरेस देवपूर या भागाच्याही पलीकडे वाढलेल्या एका वसाहतीतील रहिवाशांनी आपल्या प्रभागातील सर्व उमेदवारांना एका संध्याकाळी एकत्र बोलावले आणि मोजक्या स्थानिक प्रश्नांवर त्यांची मते विचारली. प्रस्तुत टिपण त्या सभेचे आहे. वसाहतीचे नाव, प्रभागाचा क्रमांक, उमेदवारांचे पक्ष आणि ओळख पटवणारे इतर तपशील मुद्दाम गाळले किंवा बदलले आहेत. कोणता उमेदवार चांगला होता, हे येथे ठरवायचे नाही. प्रचारात दिलेले मत मतदाराला केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नाही, एवढेच या प्रकरणातून तपासायचे आहे.

प्रभागाची घडण

२०१८ साली महापालिकेची हद्दवाढ झाली आणि वलवाडी, नकाणे, अवधान, महिंदळे, मोराणे, चितोड यांच्यासह शहरालगतची ११ गावे महापालिकेत आली. यातली काही गावे हद्दवाढीच्या आधीच निम्मी शहर झाली होती. वाडीभोकर रस्ता, गोंदूर रस्ता आणि नकाणे रस्त्याच्या बाजूने शेते बिनशेती होत गेली, आणि साक्री, शिंदखेडा, शिरपूर तालुक्यांतून नोकरीनिमित्त आलेल्या शिक्षकांनी, एस.टी. आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी तेथे प्लॉट घेऊन घरे बांधली. गावठाणात मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी कुटुंबे राहत होती आणि आजही राहतात. प्रभाग एक असला तरी कॉलनी आणि गावठाण यांचे गाऱ्हाणे एक नसते, ही गोष्ट सभेतही वारंवार पुढे आली. कॉलनीवाल्याला गटार हवी असते, तर गावठाणातल्या माणसाला गोठ्यावर लागलेली घरपट्टी सलत असते.

वाढीव हद्दीने महापालिकेसाठी पहिले मतदान डिसेंबर २०१८ मध्ये केले. त्या सभागृहाची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली आणि नंतरची दोन वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. महासभा (सर्व नगरसेवकांची सभा) आणि स्थायी समिती (खर्चाचे प्रस्ताव मंजूर करणारी नगरसेवकांची समिती) या दोहोंचे अधिकार या काळात एकाच अधिकाऱ्याच्या सहीत सामावलेले होते. त्यामुळे २०२६ ची निवडणूक आली तेव्हा लोकांकडे तक्रारींचा मोठा साठा होता, पण ती तक्रार ज्याच्या दारात न्यायची तो नगरसेवक दोन वर्षे अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. माजी नगरसेवकांनी या काळात फोन उचलले, काहींनी कामेही करून दिली. परंतु ती ओळखीवर झालेली कामे होती.

निवडणुकीची रचनाही येथे समजून घ्यावी लागते. धुळे महापालिकेत ७४ जागा असून त्या १९ प्रभागांत विभागलेल्या आहेत, आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ या चार जागांसाठी मतदाराने चार मते द्यायची असतात. प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे असते आणि प्रत्येक जागेवरची लढत स्वतंत्र असते. पक्ष मात्र प्रचार पॅनल म्हणून करतात, पत्रकावर चार चेहरे एका ओळीत छापतात, आणि मतदारही ‘अमक्याचे पॅनल’ असाच विचार करतो. परिणामी ‘अ’ जागेवरच्या उमेदवाराची तुलना ‘क’ जागेवरच्या उमेदवाराशी होत राहते, वस्तुतः त्या दोघांत निवड करण्याचा प्रश्नच मतदारापुढे नसतो.

प्रश्न कसे ठरले

माघार घेण्याची मुदत २ जानेवारीला संपली आणि जाहीर प्रचाराला त्यानंतर जेमतेम दहा-अकरा दिवस मिळाले. त्यामुळे सभेची तयारी घाईचीच होती. रहिवासी मंडळाने आधी सगळ्यांकडून प्रश्न मागवले, तेव्हा वीसेक विषय जमा झाले. मोकाट कुत्र्यांपासून मनमाड–इंदूर रेल्वेमार्गापर्यंत सर्व काही त्यात होते. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मंडळावर आहेत. त्यांनी सुचवले की प्रत्येक विषयापुढे निर्णय कोणाचा ते लिहावे: महासभेचा, स्थायी समितीचा, आयुक्तांचा, राज्य शासनाचा की केंद्राचा. जो विषय महापालिकेच्या सभागृहापर्यंत येतच नाही तो वगळायचा.

ही चाळणी लावताच यादी निम्म्याहून खाली आली. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा हा मार्ग धुळ्यातून जाणार असल्याने त्याचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो, मात्र नगरसेवकाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हा विषय यादीतून काढताना काही जणांना वाईट वाटले, हेही नोंदवले पाहिजे. रेल्वेवर बोलणे सर्वांनाच आवडते, उमेदवारांना तर अधिकच, कारण त्यावर दिलेला शब्द कोणी तपासू शकत नाही.

शेवटी घरपट्टी, पाणी, गटार व रस्त्यांचा क्रम, आणि ले-आउटमधील मोकळे भूखंड हे चार विषय ठरले. पाचवा किरकोळ नागरी सेवांचा एकत्रित ठेवला. सभेचे नियमही ठरले. उत्तरे जागेनुसार घ्यायची, म्हणजे ‘अ’ जागेचे सर्व उमेदवार एकामागून एक बोलतील, मग ‘ब’ जागेचे. ज्याचे नाव मतदान यंत्रावर आहे त्यानेच बोलायचे. राज्यातल्या आणि दिल्लीतल्या नेत्यांचा उल्लेख करण्यास बंदी नव्हती, परंतु तो वेळ उमेदवाराच्या तीन मिनिटांतूनच जाणार होता.

उमेदवारानेच बोलण्याचा नियम पहिल्याच फेरीत कसोटीला लागला. महिलांसाठी राखीव असलेल्या एका जागेवरील उमेदवार ताईंच्या वतीने त्यांचे यजमान माइक घेऊन उभे राहिले. महाराष्ट्रात महापालिकांतील निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत, आणि इतक्या वर्षांनंतरही हे दृश्य नवे नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना ‘नाना, तुम्ही बसा, ताईंना बोलू द्या’ असे शांतपणे सांगितले. ताई बोलल्या; थोडे बोलल्या आणि पत्रकातलेच बोलल्या. नियम पाळला गेला म्हणून उत्तर आपोआप चांगले येत नाही, परंतु आपण कोणाला मत देत आहोत, हे निदान मतदाराला कळले.

चारही जागांचे मिळून सर्व उमेदवार काही आले नाहीत. ‘ब’ जागेसाठी तर एकच उमेदवार आला, त्यामुळे त्या जागेपुरती तुलना शक्य झाली नाही.

घरपट्टी

सर्वांत जास्त वेळ घरपट्टीवर गेला, आणि ते योग्यच होते. हद्दवाढीत आलेल्या भागात महापालिकेचा पूर्ण कर एकदम लावता येत नाही. आरंभी ग्रामपंचायतीच्या दराने आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत तो शहराच्या दरापर्यंत न्यायचा, अशी तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातच आहे. २०१८ पासून मोजले तर हे टप्पे आता सरले आहेत. कर शहराचा झाला, मात्र सेवा त्याच गतीने शहराच्या झाल्या नाहीत, अशी सभेतील बहुसंख्यांची भावना होती.

‘क’ जागेवरील एक उमेदवार बांधकाम साहित्याचे दुकान चालवतात. त्यांनी ‘सुविधा नाही तर कर नाही’ अशी स्पष्ट भूमिका घेतली आणि निवडून आल्यास प्रभागात कर न भरण्याचे आंदोलन उभारू, असे सांगितले. सर्वाधिक टाळ्या त्यांनाच पडल्या. टाळ्या थांबल्यावर लेखा विभागातल्या त्या गृहस्थांनी एकच हिशेब मांडला. थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. आंदोलन एक वर्ष चालले आणि नंतर तडजोड झाली नाही तर दहा हजारांच्या थकबाकीवर चोवीसशे रुपये चढतील, आणि ते आंदोलनाचा नेता भरणार नाही. शिवाय महापालिकेची थकबाकी असलेल्या माणसाला निवडणूक लढवताना अडचण येते, म्हणून मंचावर बसलेल्या प्रत्येक उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी स्वतःची घरपट्टी चुकती करून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला होता. करविरोधी भाषण करणाऱ्या गृहस्थांनीही तो घेतलेला होता. ही गोष्ट कोणी तरी मागून मोठ्याने बोलून दाखवली आणि सभेत हशा पिकला.

‘ड’ जागेवरील माजी नगरसेवकांनी घरपट्टी निम्मी करून आणण्याचे आश्वासन दिले. यावर मंडळाने आधीच तयार ठेवलेला प्रश्न विचारला: पुढील आर्थिक वर्षाचे कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात, मतमोजणी १६ जानेवारीला आहे, त्यानंतर महापौर निवड, स्थायी समितीची रचना, तर या महिन्याभरात आपण कोणता प्रस्ताव कोठे मांडणार? त्यांनी ‘ते बघून घेऊ, अधिकारी आपलेच आहेत’ असे उत्तर दिले. माझ्या मते सभेतील सर्वांत बोलके उत्तर हेच होते. पाच वर्षे सभागृहात बसलेल्या माणसाला ही तारीख माहीत नसेल असे नाही; पण ती सांगितली तर आश्वासनाला मुदत पडते.

त्याच जागेवर उभ्या असलेल्या तरुण वकिलांनी दर कमी करण्याचे वचन देण्यास नकार दिला. जकात गेली, त्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी मिळणारे शासनाचे अनुदान येते. यानंतर महापालिकेच्या हातात स्वतःचे असे मोठे उत्पन्न घरपट्टीचेच उरले आहे, ते निम्मे केले तर त्याच प्रभागातील रस्त्याला पैसा राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्यांनी बिलातील रकाने तपासण्याचा मुद्दा मांडला. घरपट्टीच्या बिलात सामान्य कर असतो, पाणी आणि मलप्रवाह यांच्याशी संबंधित कर असतात, वृक्ष कर असतो, आणि शिक्षण कर तर महापालिका राज्य शासनासाठी गोळा करते, त्यामुळे त्याला सभागृह हात लावू शकत नाही. जेथे भूमिगत गटाराची वाहिनीच पोचलेली नाही तेथे मलप्रवाहाचा लाभ कर कशाबद्दल घ्यायचा, हा प्रश्न महासभेत मांडू, एवढेच ते म्हणाले. त्यांना टाळ्या पडल्या नाहीत. दोन-तीन वयस्कर मंडळींनी मात्र घरी जाऊन बिल काढून पाहिले, असे नंतर कळले.

चौथे मत आले ते ‘अ’ जागेवरील, पूर्वी ग्रामपंचायत सदस्य राहिलेल्या उमेदवार बाईंचे. हद्दवाढीच्या वेळी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीतील, नोंदी महापालिकेकडे गेल्या, आणि त्या नोंदीच कच्च्या होत्या, असे त्यांनी सांगितले. कोणाचा गोठा घर म्हणून लागला, कोणाचे पत्र्याचे शेड पक्के बांधकाम म्हणून लागले, तर ज्यांनी नंतर वर दोन मजले चढवले त्यांची नोंद जुन्याच बैठ्या घराची राहिली. दर कमी करण्याने अशा दोघांनाही सारखाच लाभ होतो, आणि जास्त लाभ ज्याचे घर मोठे त्याला होतो. म्हणून आधी फेरमोजणी, मग दर. हे मत गावठाणाला पटले आणि कॉलनीतल्या काहींना पटले नाही, याचे कारण उघड आहे. दर ठरवणे महासभेचे काम आहे आणि करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर मोजायचा ती, ठरवणे प्रशासनाचे, त्यावर हरकत घेण्याचा मार्ग कायद्यात आहे. हा भेद बाईंना कायद्याच्या भाषेत सांगता आला नाही, परंतु त्यांनी सांगितलेला उपाय नेमका त्या भेदावर उभा होता.

पाणी

पाण्याविषयी धुळेकरांची सहनशक्ती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. तापीवरून आणलेले पाणी, नकाणे आणि डेडरगाव हे तलाव, आणि आता पांझरेवरील अक्कलपाडा धरण असे एकाहून अधिक स्रोत शहराला आहेत, आणि तरीही आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ आल्याच्या आठवणी प्रत्येक घरात आहेत. याच पांझरेवर बंधारे बांधून शेते पाळीपाळीने भिजवण्याची फड पद्धत चालत आली. तरुण अभियंता असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी या खोऱ्यात नालिकेचे काम केले, याचा अभिमानही येथे सांगितला जातो. सभेत दोन उमेदवारांनी तो सांगितला.

बहुतेक उमेदवारांची उत्तरे अक्कलपाड्याभोवती फिरली. अक्कलपाड्याचे पाणी आले, म्हणजे रोज पाणी मिळणार, असा तो सूर होता. त्यावर समोर बसलेल्या एका आजींनी अहिराणीत विचारले, ‘आप्पा, पानी कव्हय ई, तेवढं सांगा.’ या साध्या प्रश्नाला उत्तर देता येईना, कारण धरणात पाणी असणे आणि नळाला पाणी येणे यांच्यामध्ये जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी, तिची गळती, जलकुंभ, तो भरायला लागणारा वेळ, वीजपुरवठा आणि व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी एवढी साखळी असते. वाढीव हद्दीत अडचण बहुधा या साखळीच्या शेवटच्या टोकाला असते. आपला भाग कोणत्या जलकुंभावर आहे, त्याच्यावर आणखी किती वस्ती आहे, आणि नवा जलकुंभ प्रस्तावित आहे काय, हे मंडळाने विचारले तेव्हा हजर उमेदवारांपैकी एकालाच आपल्या भागाचा जलकुंभ सांगता आला.

या विषयावर उमेदवारांनी न मांडलेला, परंतु मांडायला हवा होता असा एक हिशेब आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतात. आठ दिवसांनी पाणी येणार असेल तर त्या घराने ५,४०० लिटर साठवण्याची सोय स्वतःच्या खर्चाने केली पाहिजे, म्हणजे जमिनीत हौद, गच्चीवर टाक्या आणि मधे मोटार. ज्याच्या प्लॉटवर हौद आहे त्याला आठ दिवसांआडचे पाणी सोसते. गावठाणातल्या दोन खोल्यांच्या घरात ड्रम आणि हंड्यांपलीकडे जागा नसते, त्याला ते सोसत नाही. पाणी सर्वांना एकाच दिवशी येत असले तरी टंचाई सर्वांना सारखी नसते. म्हणूनच ‘दिवसाआड पाणी’ हे आश्वासन कॉलनीत नुसते सोयीचे वाटते, तर गावठाणात ते मत फिरवू शकते.

मीटरचा मुद्दा वकिलांनी काढला आणि लगेच अडचणीत आले. जितके वापराल तितके भरा, हे तत्त्व त्यांनी मांडले. त्यावर आधी पाणी तर द्या, मग मीटर लावा, असा प्रतिसाद आला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. खंडित पुरवठ्यात नळाला मीटर बसवले तर हवेनेही आकडे फिरतात, ही तक्रार अनेक शहरांत ऐकू येते, आणि मीटरशिवाय गळती कोठे आहे हेही कळत नाही. उमेदवाराने लोकांना न आवडणारे मत दिले आणि ते कारणांसह दिले, ही नोंद मात्र मंडळाने आपल्या टिपणात केली.

रस्ता आधी की गटार

देवपूर भागात भूमिगत गटार योजनेसाठी रस्ते खोदले गेले, आणि त्यानंतर रस्त्यांची जी अवस्था झाली ती नागरिकांनी दीर्घकाळ सोसली. वाढीव हद्दीतील लोकांनी ते शेजारून पाहिले आहे. त्यामुळे गटार नको, आधी रस्ता द्या, ही मागणी येथे जोरात असते. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात काय करते, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. जूनमध्ये दुचाकी घरापर्यंत नेता येत नाही, आणि शाळेची रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबते.

‘क’ जागेवरील दुसऱ्या उमेदवाराने, निवृत्त मुख्याध्यापकाने, सरळ सांगितले की गटाराची वाहिनी टाकण्याआधी काँक्रीटचा रस्ता मागू नका, तो फोडावाच लागेल. तोवर मुरूम आणि खडी टाकून रस्ता चालता ठेवू. दुकानदार उमेदवाराने सहा महिन्यांत काँक्रीटीकरण करून देतो असे सांगितले. निधी कोठून येणार, हे दोघांनाही विचारले. मुख्याध्यापकांनी महापालिकेच्या अंदाजपत्रकातील तरतूद आणि शासनाच्या योजनेतील महापालिकेचा हिस्सा यांचा उल्लेख केला. दुकानदारांनी आमदार निधीचा. नगरसेवकाने आमदार निधीवर शब्द देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशावर लग्न ठरवणे होय, अशी टिप्पणी मंडळाच्या टिपणात आहे, आणि ती मला रास्त वाटते. केलेल्या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी किती, त्या काळात खड्डा पडला तर ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेण्यासाठी काय कराल, हा प्रश्न मात्र वेळेअभावी राहून गेला.

मोकळे भूखंड

पहिल्या तीन विषयांवर उमेदवार काही ना काही बोलले. या विषयावर सर्वांनी बोलणे टाळले, म्हणून तो सविस्तर नोंदवणे आवश्यक आहे.

मोठ्या जागेचा ले-आउट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा रहिवाशांच्या वापरासाठी मोकळी सोडावी लागते. त्यावर बाग, क्रीडांगण अपेक्षित असते, आणि काही मर्यादित बांधकामाला नियमांत वाव असतो. प्रत्यक्षात अशा भूखंडाचे काय होते, हे खान्देशातील कोणत्याही शहराच्या कॉलनीत फिरून पाहता येते. आधी एक ओटा होतो, मग त्यावर छोटे देऊळ, मग कोणाच्या तरी निधीतून पत्र्याचा सभामंडप, आणि पुढे तो मंडप लग्नकार्याला भाड्याने जाऊ लागतो. उरलेल्या कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा आणि घंटागाडी चुकलेला कचरा. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे होऊ देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे, आणि ते सर्व धर्मांना सारखेच लागू आहे. तो आदेश माहीत नसलेला नगरसेवक विरळा, आणि तो अमलात आणा असे जाहीरपणे म्हणणारा त्याहून विरळा.

प्रश्न मुद्दाम मवाळ शब्दांत होता: प्रभागातील मोकळ्या भूखंडांचा वापर कसा व्हावा, असे आपणांस वाटते? माजी नगरसेवक ‘लोकांच्या भावनेप्रमाणे’ म्हणाले. दुकानदार ‘सर्वांना विश्वासात घेऊन’ म्हणाले. वकिलांनी भूखंडांची यादी महापालिकेकडून मागवू, सातबारा आणि मंजूर नकाशा तपासू, असे सांगून वेळ काढला. तसे करणे उपयोगी आहेच, पण ते मत नव्हे. मुख्याध्यापकांनी वाचनालयाची इच्छा व्यक्त केली, मात्र ज्या भूखंडावर मंडप आधीच उभा आहे त्याविषयी ते काही बोलले नाहीत. महिला उमेदवारांपैकी एकीने संध्याकाळी बायकांना बसायला जागा नाही, एवढेच म्हटले, आणि माझ्या दृष्टीने प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोचलेले वाक्य तेच होते.

येथे दोष केवळ उमेदवारांचा नाही. या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणाऱ्याला सभेतच विरोध झाला असता, हे सर्वांना ठाऊक होते. घरपट्टी आणि पाण्याच्या बाबतीत लोक एका बाजूला आणि महापालिका दुसऱ्या बाजूला असते. भूखंडाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना लोकच असतात. नगरसेवकाची खरी पारख अशाच प्रश्नावर होते, आणि निवडणुकीच्या सभेत अशाच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उरलेले विषय

कुत्री, पथदिवे, घंटागाडी आणि बस थांबा या विषयांवर सर्वांची उत्तरे जवळजवळ सारखी होती, म्हणून त्यांचा तपशील देत नाही. केवळ कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: ‘सगळी उचलून बाहेर सोडू’ असे तिघांनी सांगितले, तर २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना सामान्यतः त्याच भागात परत सोडायला सांगतात, याची कल्पना एकालाच होती.

सभेनंतर

मंडळाने उत्तरांचे टिपण जागेनुसार तयार केले, म्हणजे ‘अ’ जागेचा एक कागद, ‘ड’ जागेचा दुसरा, आणि प्रत्येक उमेदवाराला त्याचे उत्तर वाचून त्यावर सही करण्यास सांगितले. वकिलांनी आणि ग्रामपंचायतीत राहिलेल्या बाईंनी सही केली. मुख्याध्यापकांनी दोन शब्द दुरुस्त करून सही केली. बाकीच्यांनी ‘नंतर बघू’ म्हटले. जागेनुसार कागद केल्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, काही घरांत पॅनल सोडून मतांची विभागणी करण्याची चर्चा सुरू झाली; चारही मते एकाच चिन्हाला द्यावी लागतात, असा समज काही जणांचा तोवर होता. ते मतदानात किती उतरले, हे सांगता येणार नाही, आणि या जागांचे निकाल येथे दिले तर उमेदवार ओळखू येतील.

निकालानंतर मंडळाने दोन अर्ज केले. पहिला, बिलातील मलप्रवाहाशी संबंधित कराचा आधार लेखी कळवण्यासाठी. दुसरा, नमुना ८ वरून आलेल्या मिळकतींची फेरमोजणी करण्यासाठी. या अर्जावर कॉलनीतल्या सह्या गावठाणापेक्षा कमी आहेत. प्रभाग समिती आणि क्षेत्रसभा यांची तरतूद कायद्यात आहे, तेव्हा प्रभागातील चारही सदस्यांनी वर्षातून ठरावीक वेळा लोकांपुढे एकत्र बसावे, अशी मागणीही पत्रात घातली आहे. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो, हा अनुभव मागील सभागृहाच्या काळातला आहे.

मोकळ्या भूखंडावर मात्र अर्ज झाला नाही. मंडळाच्या बैठकीत त्यावर दोन तट पडले. एका बाजूने वाचनालय आणि बसायला बाके असा मसुदा तयार केला, दुसऱ्या बाजूने आहे तो सभामंडप वाढवण्याचा, आणि दोन्ही मसुदे एकाच भूखंडासाठी आहेत.